भुजिस्स : महार वतन, वेठ आणि गावकुसाबाहेरचे स्वातंत्र्य

दीघनिकायातील सामञ्ञफल सुत्त आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे. कार्तिकी पौर्णिमेच्या रात्री मगधनरेश अजातशत्रू जीवकाच्या आम्रवनात भगवान बुद्धांच्या भेटीस येतो आणि विचारतो की, माहूत, सारथी, आचारी, न्हावी, माळी, कुंभार अशा नाना कसबांच्या लोकांना आपल्या कसबाचे फळ याच आयुष्यात डोळ्यांनी दिसते. तसे श्रमण होण्याचे काही दृश्य फळ दाखविता येईल काय? तथागतांनी या प्रश्नाला जे पहिले उत्तर दिले ते ध्यानाविषयीचे नाही, निर्वाणाविषयीचेही नाही. ते एका दासाविषयीचे आहे. राजाच्याच घरचा हा दास. राजाच्या अगोदर उठणारा, राजा निजल्यावर निजणारा, काय आज्ञा होते म्हणून तिष्ठत राहणारा, धन्याच्या तोंडाकडे पाहणारा. पालीत त्याला 'मुखुल्लोकक' असा शब्द आहे. हा दास उद्या चीवर धारण करून निघून गेला, तर त्याला पुन्हा कामाला जुंपण्यासाठी परत बोलवाल काय, असे भगवान राजाला विचारतात. आणि राजा कबूल करतो की, नाही, उलट आपणच उठून त्याला अभिवादन करू.

याच सुत्तात पुढे पाच नीवरणांपासून सुटलेल्या चित्ताला पाच उपमा दिल्या आहेत : ऋण फिटलेला, रोगातून उठलेला, बंदिखान्यातून सुटलेला, दास्यातून मोकळा झालेला आणि वैराण वाट सुखरूप ओलांडून आलेला मनुष्य. त्यांतील चौथ्या मनुष्यासाठी जो शब्द येतो तो 'भुजिस्स'. जो स्वतःच्या ताब्यात आहे, पराधीन नाही, इच्छेस येईल तिकडे जाऊ शकतो, तो भुजिस्स. ही व्याख्या आम्हास अत्यंत महत्त्वाची वाटते, कारण तीत राज्य, सिंहासन, ध्वज यांचा उल्लेख नाही. तीत आहेत दोन साध्या गोष्टी : आपला वेळ कोणाचा, आणि आपले पाय कोणाच्या हुकमाने चालतात.

स्वातंत्र्य म्हणजे काय, हा प्रश्न राज्यशास्त्राच्या ग्रंथांत एका पद्धतीने सोडविला जातो आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीत दुसऱ्या पद्धतीने. या दुसऱ्या पद्धतीचा मागोवा घेण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे, आणि त्यासाठी महार वतनाचे प्रकरण आम्ही निवडले आहे. विवेचन मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातील देश व कोकण या भागांपुरते आहे; विदर्भ व मराठवाडा येथील ग्रामव्यवस्था वेगळ्या राज्यकारभाराखाली घडली असल्याने तिचा विचार स्वतंत्रपणे व्हावयास हवा.

वतन या शब्दाला मराठीत मोठा मान आहे. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने होती आणि त्यांच्यासाठी पिढ्यान् पिढ्या भांडणे झाली. महाराचे वतनही कागदोपत्री वतनच होते. त्याला जमीन होती, बारा बलुतेदारांत त्याचे नाव होते, बावन हक्कांची परंपरा सांगितली जात होती. गावशिवेच्या तंट्यात त्याचा शब्द प्रमाण धरला जाई; होळीच्या विस्तवापासून कित्येक सणविधींत त्याच्याशिवाय गावाचे पान हलत नसे. आजही कोणी जुना मनुष्य 'आमचे वतन होते' असे सांगतो तेव्हा त्याच्या आवाजात किंचित अभिमान असतो, आणि तो अभिमान खोटा आहे असे म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही.

परंतु पाटलाच्या वतनाने पाटलाला हुकूम करण्याचा अधिकार मिळत होता. महाराच्या वतनाने महारावर हुकूम करण्याचा अधिकार इतर सर्वांना मिळत होता. एकच शब्द दोन घरांत दोन उलट अर्थांनी नांदत होता.

वतनदार महाराची कामे कोणती, याची यादी करू गेल्यास ती संपत नाही. चावडीवर हजेरी देणे, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचविणे, वसुलीची रक्कम घेऊन जाणाऱ्याबरोबर चालणे, दौऱ्यावर आलेल्या अंमलदाराचे सामान वाहणे, त्याच्या घोड्याला दाणावैरण आणणे, लोकांना चावडीवर बोलावून आणणे, रात्री गस्त घालणे, मयताची खबर घेऊन कोसकोस पायी जाणे, बेवारशी प्रेताची राखण करणे. या सरकारी कामांखेरीज गावकीची कामे वेगळीच : मेलेले जनावर ओढणे, लाकडे फोडणे, अंगण, खळे, मांडव. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गाव-गाडा' (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. लेखकाची दृष्टी महसुली कारभाऱ्याची आहे. पण गावगाडा कसा चालत होता आणि त्याचा भार कोठे पडत होता, हे त्यातून पुरेसे कळते.

तथापि खरा मुद्दा कामाच्या यादीत नाही, यादी कधी संपते यात आहे. शेतमजुराचा दिवस सूर्यास्ताला संपतो. तराळाचा दिवस संपत नव्हता, कारण त्याला बोलावणे केव्हाही येई. हाक आली की हातातला घास ठेवून उठावयाचे. पाळी ज्याच्यावर असे त्या वेसकराने घुंगुरकाठी घेऊन सायंकाळी घरोघर भाकरी मागावयाची आणि दारात उभे राहून, घरधनीण केव्हा बाहेर येते याची वाट पाहत, तिच्या तोंडाकडे बघावयाचे. पाली शब्दकोशात 'मुखुल्लोकक' या शब्दाचा अर्थ शोधणाऱ्या अभ्यासकाला आमच्या आजोबांपैकी कोणीही तो विनासायास सांगितला असता.

शंकरराव खरात यांचे वडील आटपाडीचे तराळ होते. 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मचरित्रात विहिरीतील प्रेताच्या राखणीचा जो प्रसंग आहे तो वाचल्यावर वतन म्हणजे काय हे सांगण्यासाठी कायद्याचे पुस्तक उघडावे लागत नाही. पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झालेल्या लेखकाला आपल्या बापाची आठवण कोणत्या जागी येते हे पाहण्यासारखे आहे : विहिरीच्या काठी, उपाशी, आणि तेथून हलण्याची मुभा नसलेला. बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) मध्ये येसकरकीच्या पाळीचे चित्र आहे, त्यात काठी हाती आल्याची ऐटही नोंदविली आहे. या दोन्ही नोंदी एकत्र वाचाव्यात. दास्य टिकते ते केवळ धाकाने टिकत नाही. त्याच्या हाती घुंगरू बांधलेली एक काठीही दिलेली असते.

इंग्रजी राज्यात या व्यवस्थेला कायद्याची चौकट मिळाली. १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने, ज्याला आपण वतन कायदा म्हणतो, जमीन आणि चाकरी यांची गाठ पक्की केली. वस्तुतः रेल्वे, तार, पोलीस ही नवी साधने आल्यावर तराळाची गरज कमी व्हावयास हवी होती. झाले उलटेच. महसूल, पोलीस, जंगल, आरोग्य अशी खाती वाढली आणि प्रत्येक खात्याचा मनुष्य गावात येऊन प्रथम महाराला हाक मारू लागला. दरम्यान एका पूर्वजाला मिळालेली जमीन वारसांत वाटली जाऊन तुकड्या-तुकड्यांची झाली. हिस्सा उरला काही गुंठ्यांचा. चाकरी मात्र अखंड राहिली. नेमलेला मनुष्य हजर नसला तर त्याच्या घरातील दुसऱ्या कोणालाही धरून नेले जाई. म्हणजे पगार एकाचा, तोही नावापुरता, आणि बांधलेले सारे घराणे.

या चौकटीतून बाहेर पडण्याच्या वाटा थोड्या होत्या. सैन्य ही एक होती. गोपाळबाबा वलंगकर, सुभेदार रामजी आंबेडकर ही माणसे पलटणीतून आली हा योगायोग नव्हे. पलटणीत शिस्त कडक असली तरी तेथे शाळा होती, पेन्शन होते, आणि चावडीची हाक तेथवर पोचत नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली तेव्हा केवळ रोजगार गेला असे नाही, गावातून निघण्याचा एक दरवाजा बंद झाला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून जो अर्ज केला त्यामागील कळकळ या दृष्टीने समजून घ्यावयास हवी.

दुसरी वाट मुंबईची. गिरणी, गोदी, रेल्वे येथे जे आले त्यांना अस्पृश्यतेने सोडले नाही. विणखात्यात धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून त्या अधिक मजुरीच्या खात्यात आपल्या माणसांना प्रवेश नव्हता, ही गोष्ट सर्वविदित आहे. असे असूनही माणसे मुंबईकडे का धावली? मजुरी हे एक कारण खरेच. पण आम्हास असे वाटते की, त्याच्याइतकेच मोठे कारण गिरणीचा भोंगा हे असावे. भोंगा वाजला की काम सुरू आणि भोंगा वाजला की काम बंद. कारखान्याच्या कायद्याने १९२२ साली दिवसाचे तास अकरा ठरविले, १९३४ साली दहा. अकरा तास पाठ मोडणारेच; पण त्यानंतरचा काळ स्वतःचा होता. बी.डी.डी. चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत परतलेल्या माणसाला कोणी मुकादम रात्री दोन वाजता सामान वाहावयास उठवीत नव्हता. त्या उरलेल्या तासांत रात्रशाळा निघाल्या, भजनी मंडळांची जलसा मंडळे झाली, सभा भरल्या, वृत्तपत्रे मोठ्याने वाचली गेली. मजुराच्या तासांना मर्यादा हवी याची जाण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अर्थशास्त्राच्या अभ्यासातून आली हे खरे, आणि मजूर खात्याचे मंत्री म्हणून त्यांनी मांडलेल्या विधेयकातून १९४६ साली बारमाही कारखान्यांतील आठवडा ४८ तासांवर आला हेही खरे. परंतु ज्या समाजाच्या दिवसाला शेवटच नव्हता त्या समाजातून आलेल्या मनुष्याने कामाचे तास मोजण्याचा आग्रह धरावा, यातील संगतीकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली महार वतनांच्या जमिनी रयतावा करून दिल्या आणि पुढे वेठीलाही बंदी केली. ब्रिटिश मुलखात मात्र लढा लांबला. 'बहिष्कृत भारत' पत्रातून बाबासाहेबांनी वतनाविरुद्ध लिहिले आणि १९ मार्च १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात १८७४ च्या कायद्याला दुरुस्ती सुचविणारे विधेयक मांडले. मागणी काय होती हे आज वाचले तर तिच्या संयमाचे नवल वाटते. ज्या वतनदाराला चाकरी सोडावयाची असेल त्याला पूर्ण सारा भरून जमीन स्वतःकडे ठेवण्याची मुभा असावी. बलुते धान्यरूपाने दारोदार मागण्याऐवजी त्याचे रोख पैशात रूपांतर होऊन ते सरकारी साऱ्याबरोबर वसूल व्हावे. आणि चाकरीतील कामे कोणती ते नियमाने ठरवून द्यावे. यात क्रांतीची घोषणा कोठेही नाही. तिन्ही कलमांचा आशय एकच आहे : हाकेला सीमा असावी, आणि ज्याला हाक नको त्याला 'नाही' म्हणता यावे.

एवढेही मान्य झाले नाही. सरकारला कमी खर्चात मिळणारी चाकरी सोडावयाची नव्हती, आणि गावच्या पुढाऱ्यांना बलुत्यावरील आपला ताबा. विधेयक निवड समितीकडे गेले, तेथे त्याचा कणाच काढला गेला, आणि १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या काळात हा प्रश्न विधिमंडळात पुन्हा आला. वतन जमिनींवरील आकारणी वाढविण्याच्या धोरणाविरुद्ध १९३९ च्या डिसेंबरात हरेगाव येथे आणि १९४१ च्या ऑगस्टात सिन्नर येथे वतनदारांच्या परिषदा भरल्या. त्यांत महारांबरोबर मांग व इतर कनिष्ठ वतनदारही होते, याची नोंद मुद्दाम करावीशी वाटते. वतनाचा लढा एका जातीचा होता असे जे बोलले जाते ते अपुरे आहे.

येथे एका अवघड प्रश्नाला बगल देता येणार नाही. वतन सोडावे, असे बाबासाहेब सांगत असता ते सोडू नये, असे म्हणणारेही आपल्याच वस्तीत होते. चळवळीचा इतिहास लिहिताना आपण त्यांना 'अज्ञानी' म्हणून एका वाक्यात निकालात काढतो. हे न्याय्य नाही. त्यांचा हिशेब समजून घ्यावयास हवा. बलुते तुटले तर चुलीवर काय ठेवावयाचे? जमीन गेली तर गावात उभे राहावयास जागा कोणती? मुंबईस जाण्यास ज्याच्या अंगात बळ आहे, ज्याच्या मागे म्हातारे आईबाप नाहीत, तो वतनाला लाथ मारील. जो मागे राहणार त्याचे काय? मेलेले ढोर ओढण्याचे बंद करावे, मृतमांस व शिळे तुकडे खाऊ नयेत, हा महाडच्या १९२७ च्या परिषदेचा संदेश पुरुषांनी सभेत टाळ्यांच्या गजरात उचलला. दुसऱ्या दिवसापासून रिकाम्या दुरडीकडे पाहून संसार रेटण्याचे काम ज्यांच्या वाट्यास आले त्या स्त्रिया होत्या. मानाच्या त्या निर्णयाची किंमत त्यांनी पोटातून मोजली. आपल्या इतिहासग्रंथांत तिचा आकडा नाही.

तेव्हा न सोडणारे भ्याड होते आणि सोडणारे शूर होते, असा तो मामला नव्हता. वतनाने भाकरी आणि बेडी एकाच साच्यातून ओतली होती, आणि भाकरी सोडल्यावाचून बेडी तुटत नव्हती. १९२८ च्या विधेयकाचे मर्म नेमके या ठिकाणी आहे. जमीन राहावी आणि चाकरी जावी, अशी त्याची मांडणी होती. उपाशी राहण्याचे स्वातंत्र्य म्हणजे स्वातंत्र्य नव्हे, हे विधेयक लिहिणाऱ्याला ठाऊक होते.

१५ ऑगस्ट १९४७ उजाडला. त्या दिवशी इलाख्यातील कोणत्याही गावी ज्याच्यावर पाळी होती त्या तराळाची पाळी कायद्याने चालूच होती. २६ जानेवारी १९५० रोजी संविधान अमलात आले. सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट झाली, तेविसाव्याने वेठबिगार निषिद्ध ठरली. तरीही १८७४ च्या कायद्याखालील महारकी उभीच राहिली, कारण तिच्या मोबदल्यात जमीन दिलेली असल्याने तिला वेठ म्हणावयास सरकार तयार नव्हते. ज्याने संविधानाचा मसुदा घडविला त्याचेच जातभाई संविधान लागू झाल्यावर पुढे नऊ वर्षे गावचावडीच्या हाकेला बांधलेले होते, हे आपण क्वचितच उच्चारतो.

मग १४ ऑक्टोबर १९५६ आला. आता सुरुवातीच्या पाली शब्दाकडे परत वळू. विनयपिटकाच्या महावग्गात एक नियम आहे की, दासाला प्रव्रज्या देऊ नये. एक पळून आलेला दास भिक्षू झाला, त्याच्या धन्यांनी त्याला ओळखले, लोकांत कुरबुर झाली, तेव्हा हा नियम घालण्यात आल्याचे तेथे सांगितले आहे. म्हणून आजही उपसंपदेच्या वेळी उमेदवारास जे प्रश्न विचारतात त्यांत 'तू भुजिस्स आहेस काय?' हा एक असतो. आमच्या काही वाचकांस हे वाचून अवघडल्यासारखे होईल. सामञ्ञफल सुत्तातील दास श्रमण होऊन मोकळा होतो, आणि महावग्गातील नियम सांगतो की, आधी मोकळा हो, मग श्रमण हो! नियमामागे तत्कालीन राजसत्तेशी आणि धनिकांशी संघाने केलेली तडजोड आहे, असे आमचे मत आहे, आणि ते लपविण्याचे कारण नाही. सुत्तातील दासही आपल्या स्थितीचा उलगडा पुण्याच्या हिशेबाने करतो. हा भाग बाबासाहेबांच्या धम्मविचाराशी जुळत नाही. परंतु त्याच दासाच्या मनात त्याबरोबरच आलेला विचार, की राजाही मनुष्य आणि मीही मनुष्य, तो मात्र अडीच हजार वर्षे ओलांडून चवदार तळ्याच्या काठी आल्यासारखा वाटतो.

नागपूरला जे घडले ते उपसंपदेचे नव्हते, उपासकांच्या दीक्षेचे होते. त्या विशाल समुदायास 'तुम्ही भुजिस्स आहात काय?' असे कोणी विचारले नाही. विचारले असते तर मुंबई राज्यातील वतनदारांना कायद्याप्रमाणे 'नाही' असेच उत्तर द्यावे लागले असते. त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही. दीक्षा घेऊन परतलेल्या माणसांनी गावोगाव प्रथम काय केले? देव्हारे विसर्जित केले हे आपण सांगतो. त्याचबरोबर त्यांनी ढोरे ओढण्याचे नाकारले, सणाच्या दिवशीचे मागणे बंद केले, 'जोहार मायबाप' या शब्दांनी वाकणे सोडून 'जय भीम' म्हणण्यास सुरुवात केली. बहिष्कार पडले. दुकाने, पिठाच्या गिरण्या, शेतावरील कामे, पायवाटा बंद झाल्या. कायद्याने सुटका होण्याअगोदर माणसे मनाने सुटलेली होती, आणि ती सुटका त्यांनी रोजच्या व्यवहारात वठवून दाखविली. पाली वाङ्मयात अखंड, निष्कलंक शीलालाही 'भुजिस्स' हेच विशेषण लावले आहे. भाष्यकार त्याचा अर्थ तृष्णेच्या दास्यातून सोडविणारे शील असा करतात. १९५६-५७ च्या त्या हिवाळ्यात आपल्या खेड्यांतील निरक्षर उपासक-उपासिकांनी या विशेषणाला जो अर्थ दिला तोही भाष्यात समाविष्ट करण्याजोगा आहे.

कायदा त्यांच्या मागून आला. मुंबई कनिष्ठ ग्रामवतने नष्ट करण्याचा १९५८ चा अधिनियम १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. वंशपरंपरेची चाकरी संपली. तराळाच्या जागी पगारी कोतवाल आला. त्या कोतवालांनाही चतुर्थ श्रेणीच्या मागणीसाठी पुढे वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले, यावरून गावच्या हाकेचा स्वभाव किती चिवट आहे ते ध्यानात येते. वतन जमिनी सरकारजमा झाल्या व साऱ्याच्या ठरावीक पटीत भोगवट्याची रक्कम मुदतीत भरल्यास मूळ वतनदारास परत मिळण्याची तरतूद झाली. ज्याच्यापाशी रक्कम नव्हती, किंवा ज्याला या मुदतीची वार्ताच पोचली नाही, त्याची जमीन सुटली. ज्यांना ती मिळाली त्यांच्या सातबारावर 'नवीन शर्त' असा शेरा आला : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून विक्री नाही.

या शेऱ्याविषयी आपल्यात दोन मते आहेत. एक म्हणते, इतरांना आपली जमीन विकता येते, आम्हाला का नाही? हे अर्धवट स्वातंत्र्य झाले. दुसरे म्हणते, हा शेरा नसता तर एका दुष्काळात, एका लग्नात, एका आजारपणात सारी जमीन सावकाराच्या घशात गेली असती. आमचा कल दुसऱ्या मताकडे आहे, पण पूर्णपणे नाही. कारण शेरा असूनही शहरांच्या लगतच्या कित्येक वतन जमिनी नाना मार्गांनी इतरांकडे गेल्या आहेत, आणि मूळ वतनदारांचे वारस त्याच भूमीवर उभ्या राहिलेल्या इमारतींत पहारेकरी म्हणून रात्रपाळी करताना दिसतात.

जमिनीवाचून मुक्ती अपुरी आहे हे कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांनी अचूक ओळखले होते. त्यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत, विशेषतः ६ डिसेंबर १९६४ पासून सुरू झालेल्या देशव्यापी सत्याग्रहात, लाखो स्त्रीपुरुषांनी स्वतःस अटक करवून घेतली. सामञ्ञफल सुत्तातील पाच उपमांपैकी बंदिखान्यातून सुटलेल्या माणसाची उपमा येथे उलटी झाली : चावडीच्या हाकेपासून सुटलेली माणसे स्वेच्छेने तुरुंगात गेली. इच्छेस येईल तिकडे जाणारा, या भुजिस्साच्या व्याख्येत तुरुंगही बसतो, हे त्यांनी दाखविले.

या इतिहासाची साधने झपाट्याने नाहीशी होत आहेत. ज्यांनी स्वतः पाळी केली अशी माणसे आता फार थोडी उरली आहेत. परंतु अनेक घरांत पत्र्याच्या पेटीच्या तळाशी जुडीच्या पावत्या, फेरफाराचे उतारे, भोगवट्याची रक्कम भरल्याची चलने, वतन परिषदांची हस्तपत्रके, क्वचित एखादी जुनी सनद असते. वास्तुशांतीच्या किंवा स्थलांतराच्या वेळी ती रद्दीत जातात. आमची वाचकांस विनंती आहे की, असे कागद टाकून देऊ नयेत. त्यांच्या छायाप्रती आपल्या नजीकच्या विहाराच्या ग्रंथालयात द्याव्यात, आणि कागदाच्या मागील बाजूस गावाचे, तालुक्याचे व वेसकरकीच्या हिश्श्यांचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे, की ढोरे ओढण्याचे बंद झाले त्या वर्षी घरी काय शिजत होते. ते उत्तरही लिहून ठेवावे.